सवतीचं माप

माझ्या सुनेने माझ्याशी जे केलं ते वैऱ्यानेही करू नये. ती हसली नाही.

मी एकसष्ट वर्षांची बाई. स्वयंपाकघराचं दार आतून लोटून, आवाज खाली आणून मी तिला सांगितलं, की मला छाती वर उचलून घ्यायचं ऑपरेशन करायचंय. सांगायच्या आधी मी चांगली तयारी केली होती. हसली तर एक उत्तर, तोंड वाकडं केलं तर दुसरं, आणि ‘अहो आई, या वयात?’ म्हणाली तर तिसरं. हे तिसरं इतकं झोंबरं होतं की त्याची धग तिच्या माहेरच्या तीन पिढ्यांपर्यंत पोचली असती. आणि ही बाई काय करते? गॅस बारीक करते, हात पुसते, पेन आणते आणि म्हणते, “डॉक्टरांना काय काय विचारायचं ते आधी लिहून काढू या.”

तिन्ही उत्तरं माझ्या पोटात राहिली. अजून आहेत. जेवण झालं की वर येतात.

आता हे ऑपरेशनचं खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून, तेही सांगते. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. चाळीस वर्षं मी बायकांचे कपडे शिवते. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या बायका माझ्या टेपखालून गेल्यात. कुणाची छाती कधी भरली, कधी ओसरली, कुणी दोन्हींमधला फरक अस्तरात लपवलाय, सगळं मला ठाऊक आहे आणि माझं तोंड बंद आहे. छातीला गोलाई यावी म्हणून कापडाला जी चुणी घालतात तिला आम्ही टक्स म्हणतो. आणि चाळीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली: टक्स खाली जातो. दर दोन-तीन वर्षांनी पाव इंच. नदी जशी उलटी वाहत नाही, तसा टक्स वर चढत नाही.

तर बँकेतली कॅशियर बाई आली. पन्नाशीची. सहा ब्लाउज टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “सगळ्यांचे टक्स दोन इंच वर घ्या.”

मी चष्मा पुसला. टेप लावला. खरंच वर! मी म्हटलं, “बाई, हे काय आक्रीत?” तर तिने शांतपणे सांगितलं. ऑपरेशन करून घेतलं म्हणे. पैसे मोजताना बोलतात तशा आवाजात सांगितलं. मी सहा ब्लाउज उसवले, सहा ब्लाउज शिवले, आणि त्या आठ दिवसांत माझ्या मनाची शिवणही कुठेतरी उसवली.

कारण माझ्या दुकानात सवत उभी आहे.

सवत म्हणजे आमच्या दुकानातला फिटिंगचा पुतळा. लाकडी दांड्यावर बसवलेलं, कापडाने मढवलेलं, बिनडोक्याचं, बिनहाताचं धड. आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं. हेही शिंपीच होते. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं फिटिंगला मीच उभी राहायची. कपडा मला घालून बघायचा आणि मग गिऱ्हाइकाला द्यायचा. मग मुलगा पोटात राहिला. तेव्हा हे म्हणाले, “आता तुझं माप बदलणार. त्याआधी धरून ठेवतो.” आणि चार रात्री बसून, मला उभं करून, इंच इंच मोजून त्यांनी हा पुतळा भरला. गळ्याच्या खळगीपासून छातीच्या टोकापर्यंत पावणेदहा. टेप लावताना त्यांचा श्वास अडायचा. मी विचारायची, “काय झालं?” तर म्हणायचे, “हलू नकोस, माप चुकेल.”

त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. पुतळा पावणेदहावरच आहे. तीन बाळंतपणं माझी झाली, दूध मी पाजलं, रात्री मी जागले, आणि ती मात्र खिडकीपाशी ताठ उभी, बावीस वर्षांची! रस्त्यावरच्या बायका तिला माझी सवत म्हणतात. मी हसते. दुकान बंद करताना मात्र तिच्यावर चादर टाकते, ती धूळ बसू नये म्हणून असं सगळ्यांना सांगते.

मला दुसरं काही नको होतं. तरणं दिसायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. मला फक्त एकदा पावणेदहा व्हायचं होतं. ह्यांनी जे धरून ठेवलं ते माझ्याकडे परत यायला हवं होतं.

तर, यादी. सुनेने वहीच्या पानावर एकवीस प्रश्न लिहिले. ती शाळेच्या ऑफिसात काम करते, तिला प्रश्नांना आकडे घातल्याशिवाय चैन पडत नाही. आणि दुसरा अपराध असा, की एका प्रश्नावर खात्री करायला ती शेजारच्या रिटायर नर्सबाईंकडे गेली. झालं! झाकली मूठ उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई माझ्या दुकानात, हातात चहाचा कप आपल्याच घरून घेऊन.

“ऑपरेशन कशाला? उताणं झोपायचं आणि रोज सकाळी गार पाणी मारायचं.”

“तुम्ही मारता?”

“तीस वर्षं.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं माप माझ्या वहीत होतं. 

दुपारी बेकरीवाली आली. तिची वहिनी म्हणे कुठेशी जाऊन करून आली, तर आता तिला आडवं झोपता येत नाही, वर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, “आत पिशव्या भरल्या असतील. ते वेगळं, हे वेगळं. यात भरत नाहीत काही, नुसतं उचलतात.” हे मला सुनेने आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं. पण मी असं बोलले, जसं दहा ऑपरेशनं मी स्वतः केलीत. बेकरीवाली दबली आणि दोन पाव जास्तीचे देऊन गेली.

मुलाला कळायचं तेव्हा कळलंच. तो वीजबिलाच्या ऑफिसात खिडकीवर बसतो. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून त्याला घरात एकही नको असते. तो चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “आई, तुला काय कमी आहे?”

“कमी नाही रे,” मी म्हटलं, “आहे ते चुकीच्या जागी आहे.”

तो तडक आंघोळीला गेला. तिथून पुढे दोन दिवस माझ्याशी भिंतीकडे बघून बोलत होता.

ठरलेल्या दिवशी आम्ही दवाखान्यात निघालो. मी, सून आणि सवत.

यावर नंतर पुष्कळ बोललं गेलं, म्हणून माझी बाजू मांडते. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि हवेत हात फिरवून म्हणतं, ‘असं काहीतरी शिवा.’ मला त्याचा राग येतो. अहो, नमुना आणा! जुना कपडा आणा, त्यावरून बेतते. मग मी डॉक्टरकडे जाऊन हवेत हात फिरवायचे? माझ्याकडे इंच इंच बरोबर असलेला नमुना घरात उभा असताना? मी सवतीला चादरीत गुंडाळलं, बगलेत मारलं आणि बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, “याचं तिकीट?” मी म्हटलं, “हिला पाय नाहीत, ही जागा अडवत नाही, आणि भांडत नाही. असा प्रवासी तुम्हाला उभ्या जन्मात मिळाला नसेल. सोडा.” सून खिडकीबाहेर बघत होती. आताही हसली नाही.

दवाखान्यात आधी फॉर्म. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पावसापाण्यात बुडत बुडत. छापलेलं अक्षर मी बोट ठेवून वाचते. म्हणून सून भरत होती. एका रकान्यात विचारलेलं, तक्रार काय. मी म्हटलं, “लिही, खाली आलेत.” त्याच्या पुढचा रकाना, किती दिवसांपासून.

“एकोणीस वर्षं,” मी म्हटलं.

सुनेचं पेन थांबलं. तीन बाळंतपणं त्याच्या कितीतरी आधीची, हे तिलाही माहीत होतं. पण तिने एकोणीस लिहिलं.

मग दारावरचा वॉचमन. पेशंटबरोबर एकच माणूस आत जाईल, नियम आहे, म्हणाला. गळ्यात घालायचा एक पास त्याने पुढे केला. “कोण जाणार?”

मी सुनेकडे पाहिलं, सवतीकडे पाहिलं. माप सवतीकडे होतं.

“ही,” मी म्हटलं, आणि पास पुतळ्याच्या मानेत अडकवला.

“हा माणूस नाही,” वॉचमन म्हणाला.

“मग नियम तिला लागू नाही. दोघींना सोड.”

त्याने विचार केला. असे लोक विचार करतात तेव्हा आपलं नुकसानच होतं. “सामान आत नेता येत नाही. पास असेल तर येतं. पास एकच,” तो म्हणाला. सुनेने यादीचा कागद माझ्या हातात दिला, “बरं, आई,” म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. पाठ सरळ, पर्स मांडीवर. शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखी. मला कसंतरी झालं. पण पाऊल पुढे टाकल्यावर मागे घेणं माझ्या रक्तात नाही.

डॉक्टर बाईच होती, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. सवतीला बघून ती हसली नाही, घाबरली नाही. तिने तिला खुर्ची दिली. इथे माझं मत चांगलं झालं. मग म्हणाली, “आजी, तुमचे प्रश्न आधी ऐकते.”

मी कागद उघडला. सुनेचं ते घाईचं, लपेटून लिहिलेलं अक्षर! पानभर मुंग्या सुटल्यासारखं. मी कागद जवळ धरला, लांब धरला. पहिला शब्दही लागेना. डॉक्टरीण म्हणाली, “द्या, मी वाचते.”

आता बघा, कपडे काढायला मी तयार होते. पण मला वाचता येत नाही हे परक्या बाईने बघावं, हे काही झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, “आमच्या घरातलं आमचं माणूस वाचेल.” सवतीला उचललं, बाहेर नेलं, बाकावर ठेवलं, तिच्या गळ्यातला पास काढून सुनेच्या गळ्यात घातला.

“चल,” मी म्हटलं. “हिला काही येत नाही.”

सून एकेक प्रश्न वाचत गेली आणि डॉक्टरीण सांगत गेली. वयाची अडचण नाही. पण साखर असेल तर जखम भरायला वेळ लागतो, आधी ती खाली आणावी लागेल. तंबाखू, सिगारेट काही असेल तर बंद. छातीची तपासणी आधी, आतून सगळं ठीक आहे ना बघायला. वजन वरखाली होत असेल तर थांबावं. पोरीबाळींनी तर मुलं, दूध पाजणं सगळं आटोपल्यावरच करावं. यात आकार लहानमोठा होत नाही, फक्त जागा बदलते. जास्तीची कातडी काढायची, टोक वर घ्यायचं. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या कधीच होत नाहीत. आणि कायमचंही नाही, वर्षं जातील तसं पुन्हा थोडं उतरणार.

तिने कागदावर चित्र काढलं. टोकाभोवती गोल, तिथून सरळ खाली, आणि खाली आडवी रेघ. मला लगेच कळलं. मी म्हटलं, “म्हणजे वरचा घेर मारणार, मधे उभा टक्स आणि खाली जोड.”

डॉक्टरीण चकित. “बरोबर!”

“आणि ही शिवण दिसणार?”

“फिकट होते. पण जन्मभर राहते.”

“बाहेरून?”

“बाहेरूनच.”

चाळीस वर्षांत माझी एक शिवण बाहेर दिसली नाही. मी मान हलवली. पण मनातून हटले नाही, हे खरं सांगते. शिवण तर शिवण. पावणेदहासाठी तेही चाललं असतं. सहा आठवडे हात वर करायचा नाही, ओझं उचलायचं नाही, मशीन बंद, हेही मी गिळलं. मग तिने टेप काढला.

थंड बोटं, पण माप घ्यायची रीत चांगली. गळ्याच्या खळगीवर टेप ठेवला, खाली आणला, आणि म्हणाली, “एकतीस.”

 एकतीस! एकतीस म्हणजे गुडघ्याशी आले की! सून घाईघाईने म्हणाली, “आई, सेंटिमीटर. सव्वाबारा इंच.”

जीव भांड्यात पडला खरा, पण पुरता नाही. कारण मी गेली कित्येक वर्षं स्वतःला अकरा धरून शिवत होते. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. हात उचलला की छाती हलते, मान वाकवली की टेप सरकतो. हे होते तोवर दर वर्षी ते घ्यायचे. पुढे मी अंदाजाने बेतत गेले. सगळ्या रस्त्याला मापात बसवणारी बाई, आणि स्वतःचा एकही ब्लाउज एकोणीस वर्षं अंगाला बसला नव्हता. आणि मी दोष देत होते अंगाला.

तेवढ्यात सुनेने सतरावा प्रश्न वाचला. “नंतर तिथे स्पर्श कळतो का?”

“बऱ्याच जणींना काही महिन्यांत परत येतो,” डॉक्टरीण म्हणाली. “काहींना कमी होतो. थोड्या जणींचा कायमचा जातो. आधी सांगता येत नाही.” मग माझ्या वयाकडे बघून, अगदी मायेनेच, म्हणाली, “या वयात तसा फरक पडू नये म्हणा.”

मी सरळ झाले. ब्लाउजची बटणं लावायला घेतली. वरून खाली, एकेक.

घरात बटणांचा डबा असतो. त्यातली कित्येक बटणं ज्या कपड्यांची, ते कपडे कधीच फाटून गेले. डबा कुणी उघडतही नाही. म्हणून तो कचऱ्यात टाकू का? ह्यांचा हात तिथे कसा लागायचा, टेपच्या निमित्ताने, ‘हलू नकोस’ म्हणत, ते मला अजून कळतं. कधीतरी झोपेच्या काठावर, काही कारण नसताना. पावणेदहा पुतळ्यात राहिलं, पण हे माझ्यात राहिलं होतं. वर उचलून घ्यायच्या नादात तेच सांडलं तर?

“फरक पडतो,” मी डॉक्टरणीला म्हटलं. “वापरात नाही, पण माझं आहे.”

 सुनेने उरलेल्या चार प्रश्नांवर रेघ मारली आणि कागदाची घडी घातली.

बाहेर आलो तर सवतीशेजारी कमी दिसणारे एक म्हातारे गृहस्थ तिला बाई समजून रांगेचा नंबर विचारत होते, आणि तिच्या खांद्यावर कुणीतरी आपली पिशवी अडकवून गेलं होतं. वॉचमन म्हणाला, “बाई, तुमच्या सोबतीणीने जागा मस्त धरून ठेवली.” मी म्हटलं, “तिला तेवढंच येतं.” आणि तिला बगलेत मारताना मला पहिल्यांदा तिची थोडी दया आली. पावणेदहा धरून ती उभी होती, पण ज्याने धरलं तो हात तिला कधी कळलाच नव्हता.

घरी आल्यावर मुलगा दारातच. या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला, “आई, झालं का? काय ठरलं?” मी म्हटलं, “तू बिलं बघ.” दुकानाचं दार आतून लावून घेतलं, सवतीला खिडकीत ठेवलं आणि टेप सुनेच्या हातात दिला.

“घे.”

“आई, मला येत नाही.”

“खळगीपासून टोकापर्यंत. अंगाला हात लागला तर मी मरत नाही. घे.”

ती भीत भीत पुढे आली. टेप वर धरला तर खालचं टोक सुटे, खालचं धरलं तर वरचं सुटे. एकदा सगळा टेपच माझ्या ब्लाउजात गेला आणि आम्ही दोघी तो हुडकायला लागलो. तेव्हा ती हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, आणि शेवटी डोळे पुसत जमिनीवरच बसली. महिनाभर साठवलेलं हसू होतं ते. पोटातली माझी तिन्ही उत्तरं धावत वर आली, आणि त्यातलं एकही मला द्यावंसं वाटलं नाही.

मग ती उठली, टेप नीट लावला, आणि तिचा श्वास अडला.

“काय झालं?” मी विचारलं.

“हलू नका ना, माप चुकेल.” मग हळूच, जमिनीकडे बघत म्हणाली, “आई, साडेबारा आहे. डॉक्टर सव्वाबारा म्हणाल्या होत्या, पण साडेबाराच आहे.”

मी खडू घेतला, टेबलावर नवं कापड पसरलं, साडेबारावर खूण केली. चादर घेतली, सवतीवर टाकायला गेले, आणि न टाकताच परत घडी करून ठेवली. मग सुनेकडे वळले आणि तिला तोंडावर सांगितलं:

“टेप सैल धरतेस, अक्षर गचाळ काढतेस, आणि हसायचं तेव्हा हसत नाहीस. पण माप खरं सांगतेस. या घरात आजवर ते एकालाच जमलं होतं.”